हाली, कलदार आणि शिवराई : जुन्या नाण्यांचे मोल कसे ठरते
प्रस्तावना

माजलगाव, धारूर, परळी आणि बीडकडचे रस्ते जिथे एकत्र येतात त्या तेलगावात, किंवा या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात, जुना वाडा उतरवायला काढला की किंवा भावाभावांत वाटणी झाली की देवघराच्या फळीवरून एखादा डबा खाली येतो. त्यात चारमिनारचे रुपये असतात, राणीछाप आणि राजाछाप असतात, भोकाचे तांब्याचे पैसे असतात, काळ्या पडलेल्या चार-दोन शिवराया असतात. डबा उघडल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचे किती येतील?

या प्रश्नाला आज तीन उत्तरे मिळतात. सोनार तराजू काढतो आणि चांदीच्या भावाने हिशेब सांगतो. मोबाइलवरचा व्हिडिओ लाखांत बोलतो. आणि ज्याने आयुष्यात चार हजार नाणी हाताळली आहेत असा संग्राहक म्हणतो, ‘आधी बघू द्या.’ हे पुस्तक म्हणजे या तिसऱ्या उत्तराचा विस्तार आहे. बघायचे म्हणजे काय बघायचे, कोणत्या क्रमाने बघायचे, आणि बघून झाल्यावर आकडा कुठून आणायचा, एवढेच त्यात सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला करतो, कारण तो गेल्याशिवाय पुढचे काहीच पटणार नाही. नाणे जितके जुने तितके महाग, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. सातवाहनांची पोटिनची, म्हणजे तांबे, शिसे, कथील यांच्या मिश्रणाची, साधी नाणी अठराशे वर्षांची असूनही बाजारात किरकोळ दराने मिळतात. सहाव्या जॉर्जचा 1939 सालचा चांदीचा रुपया मात्र अजून शंभर वर्षांचाही झालेला नाही आणि संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. पोटिनची नाणी ढिगाने पाडली गेली आणि ढिगानेच सापडली. 1939 चा रुपया फार थोडा उरला. नाण्याच्या मोलात वयाचा वाटा लहान आहे. किती नाणी उरली, कशा अवस्थेत उरली आणि ती किती जणांना हवी आहेत, या तीन गोष्टींवर बाकीचे सगळे उभे आहे.

आणि गंमत अशी की जेव्हा ही नाणी चलनात होती तेव्हा जुनेपणाने त्यांची किंमत कमी होत असे. मोगल आणि मराठा काळात नव्या सालाचा, भरल्या वजनाचा रुपया पूर्ण किमतीला चाले; साल जुने झाले, कडा झिजली, की त्यावर बट्टा कापला जाई. प्रांत बदलला की पुन्हा बट्टा. पुण्याचा अंकुशी, नाशिककडचा चांदवडी, औरंगाबादचा, हैदराबादचा, अशा अनेक रुपयांची एकाच बाजारात सरमिसळ असे. टांकसाळी बरेचदा खाजगी ठेकेदारांकडे असत, आणि ठेकेदार चांदीत किती हात मारतो यावर त्या टांकसाळीची पत ठरे. सरकारी भरणा घेताना पोतदार प्रत्येक नाणे हातात घेई, वाजवून पाही, गरज पडली तर कसोटीला लावी आणि मग बट्टा सांगे. आपल्याकडे नाण्याची किंमत ठरवणे ही अशी रोजच्या व्यवहारातली विद्या होती. पेशवाईतला सावकार आणि आजचा संग्राहक एकाच नाण्याकडे पाहतात, प्रश्न मात्र वेगळे विचारतात. सावकार विचारी, यात चांदी किती? संग्राहक विचारतो, अशी किती उरली?

मराठवाड्यात ही जुनी विद्या इतर महाराष्ट्रापेक्षा जास्त काळ जिवंत राहिली. त्याचे कारण राजकीय आहे. 1835 साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या मुलखात एकच रुपया आणला : 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम वजनाचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. पुणे-सातारा भागातले अंकुशी, चांदवडी हळूहळू टांकसाळीत जाऊन वितळले आणि त्यांच्या जागी यंत्रावर पाडलेला कलदार आला. बीड मात्र निजामाच्या राज्यात होते. इथे हाली शिक्का चालू राहिला, आणि तो 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात येईपर्यंत, त्यानंतरही काही वर्षे, लोकांच्या हातात होता. सीमेपलीकडे अहमदनगर-सोलापूरला माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला दोन्ही नाण्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. सात हाली बरोबर सहा कलदार, हा तो हिशेब.

हा दर कुठून आला हे एकदा स्वतः मोजून पाहावे. हाली, म्हणजे चारमिनारचा रुपया, 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा 81.8, म्हणजे शुद्ध चांदी 9.14 ग्रॅम. इंग्रजी कलदारात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. पहिल्याला दुसऱ्याने भागा : उत्तर 0.855 येते. सहाला साताने भागा : 0.857. सरकारी दर आणि धातूचा दर यांत केसाएवढा फरक आहे. मूल्यमापनाचा पहिला धडा यापेक्षा चांगला कुठे मिळेल असे वाटत नाही. नाण्याच्या किमतीला एक तळ असतो आणि तो तळ धातूचा असतो. तळाच्या वर जे चढते ते संग्रहाचे मोल.

तळ नीट कळला नाही तर वरचे काहीच नीट कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. 1835 पासून 1939 पर्यंतचे इंग्रजी रुपये, मग ते विल्यमचे असोत, व्हिक्टोरियाचे असोत की पाचव्या जॉर्जचे, चांदीत जवळजवळ सारखेच आहेत. 1940 पासून महायुद्धामुळे चांदी निम्म्यावर आली. वजन तेच, चेहरा तोच, पण शुद्ध चांदी 5.83 ग्रॅम. हैदराबादनेही 1940 नंतरच्या शेवटच्या काही सालांत रुपयातली चांदी निम्मी केली. 1947 चा वाघछाप रुपया तर निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. स्वतंत्र भारतात 1969 ला गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे निघाले. ते 15 ग्रॅमचे, त्यात शेकडा 80 चांदी, म्हणजे 12 ग्रॅम. डब्यातली नाणी साल पाहून अशी वेगळी केली तरी सोनाराच्या दुकानात होणारा निम्मा घोटाळा टळतो. 1940 नंतरचा रुपया कलदाराच्या भावाने विकत घेणारा फसतो आणि 1939 चा रुपया तोळ्याच्या भावाने विकणारा त्याहून जास्त फसतो.

धातूच्या वर काय चढते, याबद्दल जाणकारांमध्ये एकमत नाही. ढोबळमानाने चार पंथ दिसतात.

पहिला पंथ सूचीकारांचा. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यायचा, साल, टांकसाळ आणि प्रकार नोंदवायचे, किती नाणी पाडली याचे सरकारी आकडे मिळवायचे आणि त्यावरून दुर्मिळता सांगायची. आपल्याकडे या कामाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. टांकसाळीत धातूची पारख करणारा जेम्स प्रिन्सेप जुन्या नाण्यांच्या मदतीने प्राचीन लिप्यांपर्यंत पोहोचला, आणि त्यानेच 1834 साली हिंदुस्थानात चालणाऱ्या नाण्यांची वजने आणि कस यांचे तक्ते छापले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरून राजांची क्रमवारी लावली. 1910 ला भारतीय नाणकशास्त्र परिषद अलाहाबादेत स्थापन झाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी विदर्भातल्या तऱ्हाळ्याच्या साठ्यावरून सातवाहन राजांच्या यादीत भर घातली. 1980 च्या दशकात नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या अभ्यासकाने तिला दिशा दिली. मराठ्यांच्या टांकसाळींवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचा इंग्रजी ग्रंथ 1989 मध्ये आला. तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. जगभरच्या नाण्यांची अमेरिकेत छापली जाणारी जाडजूड किंमतसूची 1972 पासून निघू लागली आणि आपल्याकडच्या दुकानदारांनीही तिचे क्रमांक उचलले.

सूचीकारांचा पंथ भक्कम आहे, पण त्याची एक मर्यादा ओळखून राहावे. टांकसाळीतून किती नाणी बाहेर पडली आणि आज किती शिल्लक आहेत, हे दोन वेगळे आकडे आहेत. पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया घ्या. बादशहाच्या झग्यावरच्या हाराचा हत्ती इतका आखूड कोरला गेला की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सरकारने नाणी थांबवली आणि साठ्यातली बहुतेक वितळवून टाकली. पाडलेल्या नाण्यांचा आकडा पाहून या रुपयाची किंमत काढणारा साफ चुकेल. उलट व्हिक्टोरियाच्या 1862 च्या रुपयावर तेच साल पुढची कितीतरी वर्षे छापले जात राहिले, आणि नेमके वर्ष ओळखायला संग्राहक मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजतात. साल एक, पण प्रकार अनेक, आणि प्रत्येकाचे मोल निराळे.

दुसरा पंथ अवस्थेचा. एकाच सालाची, एकाच टांकसाळीची दोन नाणी. एकावर राणीच्या मुकुटातले मोती मोजता येतात, दुसऱ्यावर नुसता चेहऱ्याचा आकार उरलेला. दोघांच्या किमतीत दहापट फरक पडू शकतो. हा फरक आकड्यात बसवण्याचा गाजलेला प्रयत्न 1949 साली अमेरिकेत विल्यम शेल्डन याने केला. तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी त्याने 1 ते 70 अशी मोजपट्टी आखली. तिच्यातला आकडा थेट किंमतच सांगायचा : अगदी झिजलेले नाणे एक पट, निर्दोष नाणे सत्तर पट. किमतीचे ते गणित काही वर्षांतच कोलमडले, मोजपट्टी मात्र राहिली. 1986-87 पासून अमेरिकेतल्या कंपन्या नाणे तपासून, श्रेणी देऊन, प्लास्टिकच्या चपट्या डबीत बंद करून देऊ लागल्या. आता मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांत अशा डबीतले राणीछाप रुपये सर्रास दिसतात.

अवस्थेच्या पंथाचे सर्वांत मोठे वैरी आपल्या घरातच असतात, आणि तेही भक्तिभावाने. लक्ष्मीपूजनाला काढलेले रुपये चिंचेने, राखेने, रांगोळीने घासून लख्ख करण्याची पद्धत घरोघरी आहे. घासताना नाण्याचा मूळ पृष्ठभाग निघून जातो, बारीक ओरखडे पडतात, आणि जाणकार भिंगाखाली ते क्षणात ओळखतो. चांदीवर शंभर वर्षांत चढलेली काळसर छटा हा संग्राहकाच्या दृष्टीने मळ नव्हे, तर नाणे कोणी छेडले नसल्याची खूण आहे. तीच गोष्ट दागिन्यांची. बंजारा तांड्यांवर आणि गावांतही रुपयांच्या माळा घातल्या जात. त्यासाठी नाण्याला डाख देऊन कडी बसवलेली असते. कडी काढली तरी डाग राहतो आणि संग्रहातली किंमत खाली येते. म्हणून कोणी माळ मोडावी असे मी म्हणणार नाही. अखंड माळेला दागिना म्हणून जी किंमत आहे ती सुट्या, डागी नाण्यांना कधीच येणार नाही. पूजेचे रुपये आणि विकायचे रुपये आधीच वेगळे ठेवावेत, एवढे मात्र सांगेन.

तिसरा पंथ बाजाराचा. त्याचे म्हणणे सरळ आहे : किंमत म्हणजे कोणीतरी प्रत्यक्ष मोजलेला पैसा, बाकी सगळ्या अपेक्षा. मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगळुरू इथे नाण्यांचे लिलाव नियमित होतात आणि त्यांचे निकाल छापले जातात. मूल्य ठरवायला यापेक्षा विश्वासार्ह साधन नाही. फक्त ते वाचायचे कसे, हे शिकावे लागते. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर घेणाऱ्याला दलाली आणि कर वेगळा द्यावा लागतो, विकणाऱ्याच्या हातात त्यातूनही वजावट होऊन रक्कम येते. दोघा हट्टी संग्राहकांनी एकमेकांवर चढाओढीने बोली लावली तर एखादा आकडा आभाळाला भिडतो, पुढच्या लिलावात तेच नाणे निम्म्याला जाते. म्हणून एका निकालावर विसंबू नये. चार-पाच पाहावेत आणि त्यांतला मधला धरावा. दुकानदार त्याहून कमी देईल, कारण त्याला जागेचे भाडे, अडकलेला पैसा आणि पडून राहणारा माल यांचा हिशेब करायचा असतो. त्याने कमी सांगितले म्हणजे लुबाडलेच असे होत नाही. आणि इंटरनेटवर जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागितलेली किंमत असते. मागायला कोणाचेच काही जात नाही.

मागणीला प्रांताचाही रंग असतो. चारमिनारचा रुपया हैदराबादेत आणि मराठवाड्यात जितका ओळखीचा तितका कोलकात्यात नाही. शिवरायांच्या नाण्यांना महाराष्ट्रात जी ओढ आहे ती दुसरीकडे असण्याचे कारण नाही. मात्र इथेच सर्वांत जास्त सावध राहावे लागते. राज्याभिषेकाच्या वेळी, म्हणजे 1674 मध्ये, महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अस्सल होन इतके थोडे ज्ञात आहेत की गावातल्या डब्यात तो निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. शिवराई मात्र पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत, अनेक टांकसाळींत, त्याच नावाने पाडली जात राहिली. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ अशा लेखनातल्या फरकांनी आणि अक्षरांच्या वळणांनी तिचे असंख्य प्रकार झाले. मधे दुहेरी आडवी रेघ असलेली, संग्राहक जिला दुदांडी म्हणतात ती शिवराई, उशिराची आणि मुबलक आहे. डब्यात बहुधा तीच निघते. ती घरात जपून ठेवण्याजोगी आहे, पण महाराजांच्या हयातीतली म्हणून कोणी तिची किंमत सांगत असेल तर तिथून उठावे.

चौथा पंथ इतिहासकारांचा, आणि तो किमतीच्या प्रश्नालाच बगल देतो. त्याच्या मते नाण्याचे मोल ते काय सांगते यात आहे, आणि सुटे नाणे फार थोडे सांगते. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला आणि त्याचेच चलन आपल्या नावाने फिरवले, ही हकीगत त्या साठ्याने सांगितली. ती नाणी सापडल्या दिवशीच पन्नास जणांत वाटली गेली असती तर प्रत्येकाला चांदीचा भाव मिळाला असता आणि इतिहास हाती लागला नसता. हा पंथ बाजारवाल्यांना अडचणीचा वाटतो, पण शेतात नांगराला मडके लागते तेव्हा कायदाही त्याच बाजूने उभा असतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. 1972 च्या पुराणवस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुने नाणे पुराणवस्तू ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडे ‘चांगल्या भावासाठी’ नाणी धाडण्याचा बेत करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

पाचवा पंथ मी मोजत नाही, पण त्याच्यामुळेच हे पुस्तक आत्ता लिहिणे भाग पडले. तो थापांचा पंथ आहे. वैष्णोदेवीचे पाच आणि दहा रुपयांचे नाणे, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, 786 आकड्याची नोट, यांना लाखो रुपये देणारे गिऱ्हाईक तयार आहे, असे सांगणारे व्हिडिओ गावागावांत फिरतात. फोन केला की आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन मागितले जाते. हे प्रकार इतके वाढले की 4 ऑगस्ट 2021 रोजी रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावे लागले : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि आपल्या नावाने कोणाला फी घेण्याचा अधिकार तिने दिलेला नाही. याहून जुनी थाप म्हणजे तांदूळ ओढणारे नाणे. 1818 सालचे, ईस्ट इंडिया कंपनीचे, वर हनुमान किंवा रामदरबार असलेले तांब्याचे नाणे दाखवून त्यात अवकाश संशोधनाला लागणारी शक्ती आहे असे सांगितले जाते. अशी नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडे ओतलेली खेळणी आहेत, आणि तांदळाचे दाणे हलतात ते हातचलाखीने.

या थापा चालतात याचे कारण लोक लोभी आहेत एवढेच नाही. हातातल्या नाण्यावरची अक्षरे आता घरात कोणाला वाचता येत नाहीत, हे खरे कारण आहे. आजोबांच्या पिढीला उर्दू येत होती. शाळाच उर्दूतून झालेली. चारमिनारच्या रुपयावर हिजरी साल असते, मागे हैदराबादच्या टांकसाळीचे नाव आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष असते. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर कोरलेले असते : महबूब अली खानांचा ‘मीम’ किंवा उस्मान अली खानांचा ‘ऐन’. उस्मान अली खानांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हा ‘ऐन’ अर्धवट आहे, पुढे तो पूर्ण झाला, आणि संग्राहक हे दोन प्रकार वेगळे धरतात. हिजरी सालाला 0.97 ने गुणून त्यात 622 मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. 1321 म्हणजे 1903-04. एवढे वाचता आले की डब्यातल्या निम्म्या नाण्यांची ओळख पटते. आणि ज्याला आपले नाणे ओळखता येते त्याला थाप मारणे अवघड जाते.

मराठा रुपयांच्या बाबतीत वाचण्याची अडचण आणखी गुंतागुंतीची आहे. त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे असते, बहुधा शाह आलमचे. नाणे कुठले हे कळते ते अंकुशासारख्या बारीक खुणेवरून. नाव वाचून ते मोगल ठरवणारा आणि खूण पाहून मराठा ठरवणारा, या दोघांनी सांगितलेल्या किमतीत बरेच अंतर पडू शकते. खुणांचे हे महत्त्व आजच्या नाण्यांनाही आहे. सालाखाली चौकटसदृश हिरा असला तर नाणे मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, गोल ठिपका असला तर नोएडाचे, आणि काहीच खूण नसली तर कोलकात्याचे. एकाच सालाचे नाणे एका टांकसाळीचे मुबलक आणि दुसऱ्या टांकसाळीचे विरळ असू शकते.

बनावटगिरीचा विषय या पुस्तकात जागोजागी येईल, म्हणून त्याचे सूत्र इथेच सांगून ठेवतो. नाण्याचा चेहरा नक्कल करणे सोपे आहे. वजन, कड आणि आवाज नक्कल करणे अवघड. 1939 च्या रुपयाचेच उदाहरण घ्या. तो महाग आहे म्हटल्यावर 1938 किंवा 1940 चा आकडा खरवडून 1939 करण्याचा मोह होतो. पण 1940 पासून रुपयाच्या कडेवर नक्कल रोखण्यासाठी वेगळी खाच आणली गेली होती. त्या कडेचा ‘1939’ पाहिला की पुढे बोलण्याची गरज उरत नाही. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, एक भिंग आणि पाण्यात तोलून घनता काढण्याची रीत, एवढ्यावर बहुतेक खोटी नाणी उघडी पडतात. चांदीची घनता 10.5, तांब्याची 8.96, कलदारात तांबे मिसळलेले असल्याने त्याची घनता थोडी कमी, सव्वादहा-साडेदहाच्या दरम्यान येते. पोतदार नाणे दगडावर आपटून कान देत असे. त्याच्या कानाचे काम आता काटा करतो.

आता या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे ते सांगतो. नाणकशास्त्राचा इतिहास सांगणारी पुस्तके मराठीत आहेत. किमतीच्या याद्या बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्या देशभराच्या बाजाराला समोर ठेवून केलेल्या असतात. मराठवाड्यातल्या एका घरात प्रत्यक्षात जे निघते, म्हणजे हाली आणि कलदार एकत्र, सोबत उशिराच्या शिवराया, थोडी निजामी तांब्याची नाणी, क्वचित एखादे बहमनी किंवा निजामशाही तांबे, त्या मिश्रणाला समोर ठेवून लिहिलेले पुस्तक मला हवे होते. म्हणून इथली मांडणी राजवंशांच्या क्रमाने केलेली नाही. माणूस डबा उघडल्यावर ज्या क्रमाने विचार करील त्या क्रमाने ती केली आहे : आधी ओळख, मग अस्सलपणा, मग अवस्था, मग दुर्मिळता, मग मागणी, आणि सगळ्यांत शेवटी व्यवहार. पहिल्या चार पायऱ्या घरबसल्या चढता येतात. पाचवीसाठी लिलावांचे निकाल वाचावे लागतात. सहावीसाठी घाई न करण्याची सवय लागते, आणि ती पुस्तकातून देता येत नाही.

रुपये-आण्यांतल्या किमतींचे तक्ते मी मुद्दाम दिलेले नाहीत. चांदीचा भाव दर आठवड्याला हलतो, एखादा मोठा साठा बाजारात आला की कालचे दुर्मिळ नाणे आज साधे होते, आणि छापलेली किंमत वाचकाला दहा वर्षे चुकीच्या जागी उभे करते. त्याऐवजी शुद्ध धातूची वजने, ओळखीच्या खुणा, अवस्थेच्या पायऱ्या आणि मोजणीची रीत दिली आहे. तीवरून ज्या दिवशी गरज असेल त्या दिवशीचा आकडा वाचकाने स्वतः काढावा. चार पंथांपैकी कोणत्याही एकाची बाजू मी घेतलेली नाही. धातूचा तळ, सूचीतली जागा, भिंगाखालची अवस्था आणि लिलावातला निकाल हे चारही पाहून जो आकडा निघतो तोच टिकतो. इतिहासकाराचे म्हणणे या चारांच्या वर आहे. जे नाणे जमिनीतून निघाले त्याचा विचार बाजाराआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत व्हायला हवा.

हे पुस्तक वाचून बहुतेकांच्या हाती मोठे घबाड लागणार नाही. बहुतेक डब्यांतली बहुतेक नाणी साधीच असतात. धातूच्या भावापेक्षा थोडी वर, कधी तेवढीच. पण साधे नाणे साधे आहे हे खात्रीने सांगता येणे, आणि शंभरात एखादे निराळे निघालेच तर ते सोनाराच्या मुशीत जाऊ न देणे, या दोन गोष्टी साधल्या तरी या लिखाणाचा उपयोग झाला असे मी समजेन. विकायचे की ठेवायचे हा निर्णय ज्याचा त्याचा. तो घेताना समोरच्याने सांगितलेल्या आकड्याशेजारी आपला स्वतःचा आकडा मांडता यावा, यासाठी पुढची पाने आहेत.

तेलगाव, जि. बीड